तेलाच्या तवंगाची अभ्यासक : आग्नेस पोकेल्स



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी एखादी पाककृती देऊन सुटणार होते. पण पाककृती चौघींनी आधीच दिल्या होत्या, आणि मला एका थोर स्त्रीचे चरित्र लिहिण्याचे फर्मान निघाले. मी सातवी शिकलेली. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी मी नवीन ते काय सांगणार? म्हणून आपल्या आळीत कोणी नावही ऐकले नसेल अशा एका जर्मन बाईची हकीकत सांगते. शास्त्रज्ञ मंडळींत तिचे नाव मोठे आहे. तिने जन्मभर आईवडिलांचे घर सांभाळले, आणि ते सांभाळता सांभाळता पाण्याच्या पाठीवर काय चालते याचा शोध घेतला. तिची माझी ओळख कशी झाली ते पुढे ओघाने येईलच. माझी लेक कॉलेजात विज्ञान शिकते. इंग्रजी पुस्तकांतले तिने मला वाचून, समजावून सांगितले. त्यात काही चुकलेमाकले असेल तर ते माझ्या समजुतीचे समजावे.

आग्नेस पोकेल्स हिचा जन्म 14 फेब्रुवारी 1862 रोजी व्हेनिस येथे झाला. हे शहर आज इटलीत आहे, पण त्या वेळी तिथे ऑस्ट्रियाचे राज्य होते आणि तिचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. त्या भागात हिवताप फार. साऱ्या घरादाराला तो चिकटला. वडिलांची प्रकृती ढासळली, त्यांना सैन्यातून निवृत्त व्हावे लागले, आणि 1871 साली हे कुटुंब उत्तर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या गावी येऊन राहिले. आग्नेस तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा भाऊ फ्रीडरिश.

गावात मुलींची शाळा होती. तिथे आग्नेस शिकली. विज्ञानाची, त्यातही पदार्थविज्ञानाची तिला भारी ओढ. पण मुलींना त्या काळी विज्ञान बेताचेच शिकवीत, आणि पुढे विद्यापीठात तर मुलींना प्रवेशच नव्हता. जर्मनीतल्या एका प्रांताने तो 1900 साली दिला, प्रशियाने 1908 साली. म्हणजे दारे उघडेपर्यंत आग्नेस चाळिशीला टेकलेली किंवा ओलांडून गेलेली, आणि घरात आईवडील अंथरुणाला. ती गेली नाही. भाऊ मात्र ग्योटिंगेनच्या विद्यापीठात गेला, पदवीधर झाला, पुढे हायडेलबर्गला प्राध्यापक झाला, आणि त्याच्याही नावाने पदार्थविज्ञानात एक शोध ओळखला जातो.

इथे माझे स्वतःचे थोडे सांगते, रागावू नका. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी तालुक्याला जावे लागे. माझी आई तेव्हा आजारी होती, म्हणून दादा गेला आणि मी राहिले. यात कोणाचा दोष काढत नाही, घरात कोणीतरी लागतच होते. सुट्टीत दादा पुस्तके आणी, ती मी चुलीपुढे बसून वाची. निम्मी कळत, निम्मी नाही. त्यामुळे आग्नेसच्या भावानेही तिला आपली पुस्तके पुरवली हे लेकीने सांगितले, तेव्हा मी हातातली निवडायची भाजी बाजूला ठेवली आणि म्हटले, हे पहिल्यापासून सांग.

आता ती मोठी झाली, घराची कर्ती झाली, तेव्हा इथून पुढे मी तिला आग्नेसबाईच म्हणते.

घरात दुखणाइतांची सेवा, स्वयंपाक आणि भांडी. भांड्यांतूनच सारे सुरू झाले असे त्यांच्या भावजयीने पुढे लिहून ठेवले आहे. तेलकट भांडी धुतल्यावर जे पाणी उरते, ते पाहून आपण नाक मुरडतो आणि लवकर ओतून टाकतो. आग्नेसबाई त्याकडे पाहत राहिल्या. स्वच्छ पाण्याची पाठ आणि तेलाचा अंश लागलेल्या पाण्याची पाठ एकसारखी वागत नाही हे त्यांना दिसले. त्यांचे वय तेव्हा अठरा-एकोणीस असेल.

पाण्याची पाठ वागते म्हणजे काय, हे मला आधी कळेना. लेकीने फुलपात्र काठोकाठ भरून घेतले. कागदाच्या बारीक कपट्यावर शिवणाची सुई ठेवून तो अलगद पाण्यावर सोडला. कागद भिजून खाली गेला आणि सुई वरच राहिली. लोखंडाची सुई, पाण्यावर! नीट पाहिले तर सुईच्या खाली पाणी किंचित दबलेले दिसते, जसे ताणून बांधलेल्या कापडावर काही ठेवले तर ते दबते. पाण्याचा प्रत्येक कण शेजारच्या कणाला ओढून धरत असतो. आतल्या कणाला चहूबाजूंनी ओढ असते, म्हणून तो निवांत. वरच्या थरातल्या कणाला मात्र वरून कोणी ओढणारे नाही, फक्त बाजूंनी आणि खालून. त्यामुळे ती पाठ सदा ताणलेली राहते आणि जमेल तितकी आक्रसू पाहते. याला पुस्तकात पृष्ठताण म्हणतात. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोळा होतो, डबक्यात लांब पायांचे किडे पाण्यावरून धावतात, भरलेल्या पेल्याच्या काठावर पाणी थोडे फुगून राहते पण सांडत नाही, ही सगळी त्या ताणाचीच करणी. मग लेकीने साबणाचे बोट त्या फुलपात्राच्या कडेला लावले आणि सुई तळाला गेली. साबणाने ताण मोडला.

पण ताण आहे एवढे म्हणून शास्त्रात भागत नाही, तो किती आहे ते मोजावे लागते. आग्नेसबाईंजवळ ना प्रयोगशाळा, ना पैसा. त्यांनी 1882 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, एक साधन तयार केले. पत्र्याची एक लांबट पन्हळ, 70 सेंटिमीटर लांब, 5 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर उंच. तिच्यात पाणी काठोकाठ भरायचे. वर आडवी एक दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी ठेवायची, अशी की तिची खालची बाजू पाण्याला टेकेल. पट्टी इकडे सरकवली की एका बाजूची पाण्याची पाठ लहान होते, दुसरीकडची मोठी. पाणी तेवढेच, पाठ मात्र हवी तशी लहानमोठी. आणि मोजण्यासाठी औषधविक्याकडे असतो तसला छोटा तराजू. त्याला एक बारीक चकती टांगलेली, आपल्या सदऱ्याच्या गुंडीपेक्षाही लहान, 6 मिलिमीटरची. ती पाण्याला टेकवायची आणि सुटून वर येण्यास किती ओढ लागते ते पाहायचे. जितका ताण जास्त तितकी ओढ जास्त लागणार. झाले यंत्र!

या पन्हळीत त्यांनी काय पाहिले ते मला समजले तसे सांगते. पाण्यावर तेलाचा अगदी लवलेश सोडला आणि पाठ ऐसपैस ठेवली, तर ताण जवळजवळ स्वच्छ पाण्याइतकाच भरतो. तेल असून नसल्यासारखे. पट्टी सरकवत जावे, पाठ लहान करत जावे, तरी बराच वेळ काही फरक नाही. आणि मग एका ठरावीक जागी पट्टी आली की ताण एकदम उतरू लागतो. हळूहळू नव्हे, एकदम. आपल्या हळदीकुंकवाला एका सतरंजीवर दहाजणी बसल्या तर सतरंजी थोडी दुमडली तरी कोणाला कळत नाही. दुमडत दुमडत खांद्याला खांदा लागला की मग मात्र रेटारेटी सुरू. तेलाच्या कणांचे तसेच होते. ते पाण्यावर एकावर एक रचून बसत नाहीत, एकाशेजारी एक असे एकाच ओळीत पसरतात, आणि दाटी झाली की पाण्याच्या ओढीला उलट रेटा देतात. हा कणांचा उलगडा पुढे इतरांनी केला, पण ती ठरावीक जागा आग्नेसबाईंच्या पन्हळीत दिसली. आज तिला त्यांच्याच आडनावाने ओळखतात.

पट्टीचा आणखी एक उपयोग त्यांनी केला. पाण्याची पाठ स्वच्छ करायची तर पट्टीने ती झाडून एका टोकाला न्यायची, जसे आपण केरसुणीने झाडतो. साधी गोष्ट, पण याआधी मोठमोठ्यांना पाण्याची पाठ खरोखर स्वच्छ कशी ठेवावी हीच अडचण पडत होती.

हे सारे त्या जवळजवळ दहा वर्षे करीत राहिल्या. सांगायचे कोणाला? भावाच्या ओळखीने विद्यापीठातल्या विद्वानांना काही कळवून पाहिले, पण कोणी विशेष लक्ष घातले नाही. स्वतःच्या नावाने शास्त्राच्या मासिकात लेख द्यावा, तर घरात बसलेल्या बाईचा लेख कोण छापणार? अशात 1890 च्या सुमारास त्यांच्या वाचनात आले की इंग्लंडचे लॉर्ड रॅले याच विषयावर प्रयोग करीत आहेत. हे रॅले म्हणजे त्या काळचे अव्वल शास्त्रज्ञ, 1904 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची प्रयोगशाळा त्यांच्या घरातच होती, अर्थात ते घर म्हणजे मोठा वाडा.

आग्नेसबाईंनी धीर केला. 10 जानेवारी 1891 रोजी त्यांनी रॅले यांना जर्मनमध्ये एक लांबलचक पत्र लिहिले. आधी लिहिण्याच्या धाडसाबद्दल क्षमा मागितली, मग सांगितले की काही कारणांनी मला हे मासिकात छापता येत नाही, म्हणून आपल्याला कळवते. आणि मग पन्हळ, पट्टी, तराजू आणि सगळी मोजमापे.

मला सगळ्या चरित्रात हे पत्र फार मोठे वाटते. अठ्ठावीस वर्षांची बाई, दहा वर्षांचे काम हातात, आणि ते एका अनोळखी परक्या गृहस्थाला उचलून द्यायचे. त्याने कचऱ्यात टाकले असते तर? किंवा स्वतःच्या नावावर खपवले असते तर? आपल्या इकडे कोणाचा रुमालावरचा नमुना दुसरीने उतरवून घेतला तरी आपण चार दिवस बोलत नाही.

रॅले यांनी तसे काही केले नाही. पत्र जर्मनमध्ये होते, त्याचे इंग्रजी त्यांच्या पत्नीने केले. भाषांतरासोबत त्यांनी स्वतःची चिठ्ठी जोडून ते सारे नेचर या विख्यात साप्ताहिकाकडे पाठवले. एका जर्मन बाईने अगदी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, तरी जागा द्यावी, अशा आशयाची ती शिफारस होती. 12 मार्च 1891 च्या अंकात ते पत्र पृष्ठताण या मथळ्याखाली, आग्नेस पोकेल्स या नावानेच छापून आले. त्यानंतर त्यांचे आणखी लेख आले. एकात त्यांनी थोडे तेल बेंझीनमध्ये विरघळवून त्याचा थेंब पाण्यावर सोडण्याची रीत दिली. बेंझीन उडून जाते आणि मोजलेले तेल तेवढे मागे राहते. आजही असे थर पसरायला हीच रीत वापरतात.

भूगोलातही त्यांना रस होता असे दिसते. चार्ल्स डार्विनचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांचे भरतीओहोटीवरचे पुस्तक त्यांनी जर्मनमध्ये आणले, ते 1902 साली निघाले. ते एवढ्यावरच सोडते, कारण मला खरे सांगायचे आहे ते पुढे आहे.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला दिवस गेलेले असताना तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, तेराशे ग्रॅमची. माझ्या ओंजळीत मावेल एवढी. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जात होत्या आणि प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवले आणि सांगितले की बाळाच्या फुप्फुसात एक साबणासारखा पदार्थ अजून तयार झालेला नाही, तो आम्ही नळीतून श्वासनलिकेत सोडतो आहोत. साबण हा शब्द ऐकून माझी बहीण रडायलाच लागली, बाळाच्या छातीत साबण कसला घालता म्हणून. मलाही काही उमगले नाही. त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून माझ्या लेकीने मोबाईलवर शोधून मला जे सांगितले, त्यातून ही आग्नेसबाई माझ्या घरी आली.

फुप्फुसात अगदी बारीक बारीक फुगे असतात आणि प्रत्येकाला आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाणी आले म्हणजे ताण आला. तो थर आक्रसू पाहतो, आणि फुगा जितका लहान तितका तो मिटायला टपलेला. श्वास सोडला की फुगे लहान होतात, तेव्हा खरे तर ते मिटून चिकटलेच पाहिजेत. आपले का चिकटत नाहीत? कारण शरीर एक स्निग्ध पदार्थ तयार करून त्या पाण्यावर पसरवते. श्वास सुटतो, फुगा लहान होतो, त्या पदार्थाचे कण दाटीने जवळ येतात आणि ताण उतरतो. पन्हळीतली पट्टी सरकवावी आणि ताण एकदम उतरावा, तेच! हा पदार्थ पोटातल्या बाळाकडे शेवटच्या महिन्यांत पुरेसा साठतो. लवकर जन्मलेल्याकडे तो अपुरा असतो, आणि मग प्रत्येक श्वासाला मिटलेले फुगे नव्याने उघडण्याचे कष्ट पडतात.

अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी 1957 साली फुप्फुसातून काढलेल्या द्रवाचा ताण अशाच पन्हळीत मोजला. 1959 साली मेरी एलन एव्हरी या डॉक्टरीणबाईंनी आपल्या सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले की श्वास न घेता आल्याने दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसात नेमका हा पदार्थ नसतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा 1963 साली दोनच दिवसांचा असताना याच दुखण्याने गेला. अध्यक्षाच्या घरीही तेव्हा इलाज नव्हता. 1980 साली जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून बनवलेला पदार्थ बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि बाळे वाचू लागली.

आमची छकुली बारा दिवसांनी नळीशिवाय श्वास घेऊ लागली. आता रांगते आणि माझ्या बहिणीचा चष्मा ओढते.

हे सगळे मी घरी सांगत होते तेव्हा एक पाहुणे कौतुकाने म्हणाले की बघा, बाईला शास्त्रज्ञ व्हायला स्वयंपाकघर पुरते. मी त्या वेळी चहा आणायला उठले. उत्तर इथे देते. पुरते कसले! पुस्तके भावाकडून, मोजायला तराजू साधा, बोलायला कोणी नाही, आणि दहा वर्षांनी एक परका भला माणूस निघाला म्हणून जगाला कळले. तो तसा निघाला नसता तर तो पत्रा भंगारात गेला असता. आग्नेसबाईंना विद्यापीठात जायचे होते. त्यांनी मोरीपाशी काम केले, कारण दुसरी जागा मिळाली नाही.

पुढची वर्षे कष्टाची गेली. 1906 साली वडील वारले. 1913 साली भाऊ गेला, अवघा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याच्याबरोबर शास्त्राच्या मासिकांची वाटही बंद झाली. 1914 साली आई गेली आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. दृष्टी मंदावली, प्रकृती मुळातच नाजूक. तरी अधूनमधून त्यांचे लेख येत राहिले.

इकडे अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी 1917 साली त्यांच्या पन्हळीत सुधारणा केली आणि कण पाण्यावर एकेरी थरात, एक टोक पाण्यात व एक टोक वर असे उभे राहतात हे सिद्ध केले. त्यांना 1932 साली नोबेल मिळाले. आज हे यंत्र बहुतेक ठिकाणी लँगम्यूर यांच्याच नावाने विकले जाते. मला हे थोडे लागले, पण लेक म्हणते की त्यांचे कामही खरोखर मोठे होते, आणि ते खरे असेल. आग्नेसबाईंनाही 1931 साली आंरी दव्हो या फ्रेंच शास्त्रज्ञाबरोबर जर्मनीतल्या शास्त्रज्ञांच्या एका संस्थेने पारितोषिक दिले, आणि 1932 साली, सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. आपल्याच गावचे विद्यापीठ, जिथे तरुणपणी शिकायला पाऊल ठेवता आले नव्हते. 21 नोव्हेंबर 1935 रोजी त्याच गावात त्यांचा अंत झाला. त्यांनी लग्न केले नव्हते. त्या विद्यापीठात पुढे शाळकरी मुलांना हाताने प्रयोग करता यावेत म्हणून त्यांच्या नावाची प्रयोगशाळा निघाली.

ज्यांना ही गंमत घरी करून पाहायची असेल त्यांनी पूजेच्या डबीतला कापूर घ्यावा. रॅले यांनीही कापरावर प्रयोग केले होते. रुंद ताटली साबणाने घासून इतकी खळखळून धुवावी की तेलही राहू नये आणि साबणही. बोटांनाही तेल नको, म्हणून कापूर चिमट्याने धरून कातरीने बारीक कुसकरावा. ताटलीत पाणी घालून वर हे कण टाकले की ते आपोआप गरगर फिरू लागतात, कारण विरघळणारा कापूर एका बाजूचा ताण उतरवतो आणि दुसऱ्या बाजूचे पाणी त्याला ओढून नेते. मग काडीचे टोक गोडेतेलात बुडवून, पुसून, नुसते पाण्याला टेकवावे. सगळे कण जागच्या जागी थबकतात. आमच्याकडे पहिल्या दोन वेळा कापूर हललाच नाही, कारण ताटली मी पोळ्यांच्या हाताने धरली होती.